कोणत्या घरातली

मकासारहून रात्रभर बस, मग अर्धा दिवस जीप,
मग योहानिसच्या मोटारसायकलवर मागे,
मांडीवर यंत्राची पेटी, तान्ह्या पोरासारखी धरून.
पूल वाहून गेलेला. दोन बांबूंवरून
आधी पेटी गेली, मग मी,
मग मोटारसायकल, चौघांच्या खांद्यावर.
"किती राहिलं?" विचारलं, तर म्हणाला,
"दोन विड्या. चढ आहे, तीन धरा."

आठ महिने त्या डोंगरात मी रस्ता मोजत होते,
मी, कुंदा निखारे, गोळीबार चौक, नागपूर,
जिच्या शहरात चढ म्हणजे उड्डाणपूल.

फॉर्ममध्ये रकाना होता: मालकाचे नाव.
ने लिंबोंग, म्हणजे लिंबोंगची आजी,
तांदूळ पाखडता पाखडता नावं सांगत गेली.
सतरा झाली. त्यातली बारा मेलेली,
एक अजून पोटात.
रेघ संपली.
"हद्द कुठवर?"
"म्हैस वळते तिथवर."
"आणि नाही वळली तर?"
ती हसली. "तर त्या वर्षी तिथवर."

मागच्या खोलीत तिचा नवरा निजलेला,
चौदा महिन्यांपूर्वी वारलेला.
आजारी आहेत, म्हणाली.
कॉफीचा कप उशाशी ठेवला
आणि मला खूण केली, जरा हळू बोल.
म्हशी जमेपर्यंत तो आजारीच राहणार होता.
लेकी, जावई, लांबच्या खाणीतला नातू,
जो जे आणील ते मोजलं जाणार,
शिंगं घरापुढच्या खांबावर चढणार,
वाफ्यांची वाटणी मग त्या शिंगांकडे बघून.
मी वहीत "मयत" लिहिलं आणि खोडलं.

निघताना तिने मनगट धरलं.
"तू कोणत्या घरातली?"
बापाच्या, म्हटलं.
"आणि आईच्या?"
योहानिसने सांगता सांगता स्वतःची भर घातली:
इथे दोन्ही घरं आपली असतात, मॅडम.
लग्न झालं तरी.

आज सेहेचाळीस डिग्री.
दुय्यम निबंधकाच्या कचेरीत कूलर आहे,
कूलरमध्ये पाणी नाही.
हेमराजने चहा आणला,
भोजराजने पंख्याखालची खुर्ची सोडली.
"तू तं समजदार आहे ना वो ताई,
फक्त सही. तीन ठिकाणी."
हक्कसोड पत्र. राजीखुशीने, कोणाच्याही दबावाशिवाय,
एक हजार चाळीस चौरस फूट,
मागाचा खड्डा बुजवून काढलेल्या खोलीसकट.
दोघांमधली भिंत कुठे यावी
ते मीच मोजून दिलं होतं, लेसरने,
मिलिमीटरपर्यंत. फुकट.

आखिव पत्रिकेवर बाबा अजून आहेत.
फेरफार झाला नाही.
म्हणजे तेही आजारीच म्हणायचे,
सिटी सर्व्हेच्या कपाटात,
उशाशी कॉफी नाही एवढंच.

बाबूने मान वर न करता विचारलं,
"बाईंना काही सांगायचंय?"
त्याला रकाना नव्हता.
नाहीतर लिहिलं असतं:
मेयोच्या व्हरांड्यात अकरा रात्री, चटई माझी.
रक्त दोन बाटल्या, एक माझं, एक माझ्या पोराचं.
शेवटच्या दिवशी त्यांनी मागितलेली आणि
डॉक्टरने नको म्हटलेली अर्धी संत्री,
सोलून, बिया काढून.
ही शिंगं कुठे टांगायची?

पेनातली शाई वाळली होती,
किंवा मीच नीट टेकवलं नाही.
"दुसरा देऊ का?" भोजराज.
तेवढ्यात जेवायची सुट्टी झाली,
बाबू डबा घेऊन उठला.

आम्ही तिघं बाहेरच्या बाकावर, निंबाखाली.
माझ्या डब्यात पाटोड्या होत्या,
हेमराजला आवडतात म्हणून पहाटे केलेल्या.
खाताना तो थेट बाबांसारखा दिसतो,
डावा गाल आधी भरतो.
बोटं चाटत म्हणाला,
"आता किती वेळ लागन वो ताई?"

दोन विड्या, म्हटलं.
चढ आहे. तीन धर.